जुन्या गाडीच्या कार्बोरेटरचे अस्सल पार्ट शोधताना: पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर आणि जीपवाल्यांसाठी

काही वर्षांपूर्वी माझ्या पद्मिनीच्या सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरसाठी (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) मी एका दुकानातून रिपेअर किट घेतलं. दुकानदाराने खोक्यावर टिचकी मारून सांगितलं, "सेठ, एकदम कंपनी का माल." आतला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी बूच) चकचकीत होता आणि त्यावरचा आकडाही जुन्या जेटवरचाच. घरी येऊन बसवला. पुढचे तीन आठवडे मी प्लग, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची कॅप असं एकेक बदलत बसलो. गाडी काळा धूर सोडायची, पेट्रोल पाण्यासारखं प्यायची आणि सिग्नलला स्लोवर उभी राहिली की गचके देऊन बंद पडायची. शेवटी 'झिजला असेल' म्हणून काढून ठेवलेला जुना जेट वैतागून परत लावला. गाडी अर्ध्या सेल्फला चालू झाली.

त्यानंतर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. कार्बोरेटरमध्ये झिजतं एक आणि आपण बदलतो भलतंच. पितळी जेट पन्नास वर्षांत घाण धरतो, बुजतो, पण सहसा झिजत नाही. त्याची वाट लावतो तो त्यात तार घालणारा माणूस. खरी झीज होते बटरफ्लायच्या (हवेची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या चकतीच्या) शाफ्टला आणि तो जिथे फिरतो त्या बॉडीतल्या भोकांना, नीडल व्हॉल्व्हच्या (आत येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या सुईच्या) टोकाला आणि रबराला. त्यामुळे शोधाशोध सुरू करण्याआधी नेमकं काय शोधायचं आहे हे ठरवण्यात दोन रविवार गेले तरी चालतील. पुढचे सहा महिने वाचतात.

आधी हातात काय आहे ते ओळखा

"पद्मिनीचा कार्बोरेटर द्या" असं म्हणून दुकानात शिरू नका. पन्नास वर्षांच्या गाडीवर आज जो कार्बोरेटर आहे तो तिच्यावर कारखान्यातून आलेलाच असेल याची काहीच खात्री नसते. मधल्या काळात कुणीतरी 'अ‍ॅव्हरेज वाढतो' म्हणून दुसराच बसवलेला असतो. जुन्या सीजे-३बी जीपवर मूळ अमेरिकन कार्टर वायएफ असायचा, आज बहुतेक जीपच्या बॉनेटखाली सोलेक्स सापडतो. अ‍ॅम्बॅसेडरमध्येही एसयू (इंग्लिश बनावटीचा कार्बोरेटर) आणि सोलेक्स दोन्ही दिसतात.

कार्बोरेटर बाहेरून केरोसीन आणि ब्रशने स्वच्छ करा आणि उन्हात नेऊन भिंगातून बघा. दोन प्रकारचे आकडे दिसतील. काही ओतकामातच उठून आलेले असतात. हे आकडे त्या साच्याचे, आणि एकाच साच्यातून निघालेली बॉडी चार वेगवेगळ्या गाड्यांना गेलेली असू शकते. दुसरे आकडे ठोकलेले, म्हणजे खोल गेलेले, बऱ्याचदा थोडे वाकडे. नेमकं मॉडेल सांगतात ते हे. मी सुरुवातीला उठावाचा आकडा घेऊन महिनाभर फिरलो होतो.

सोलेक्सच्या नावात सुरुवातीला जो आकडा असतो, उदाहरणार्थ ३२, तो बटरफ्लाय जिथे बसते त्या नळीचा मिलिमीटरमधला व्यास. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिलिमीटरचं. जुन्या सोलेक्स तक्त्यांत के म्हणजे व्हेंचुरी (नळीतला अरुंद गळा), जीजी म्हणजे मेन जेट, ए म्हणजे एअर करेक्शन जेट आणि छोटा जी म्हणजे पायलट (स्लोवरचा) जेट. ही चार अक्षरं लक्षात ठेवली की फ्रेंच किंवा इटालियन तक्ताही वाचता येतो.

एसयूची गंमत वेगळी. त्याच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) झाकणावर एका स्क्रूखाली छोटी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर बहुधा एयूसी किंवा एयूडीने सुरू होणारा नंबर. पट्टी हरवली असेल (निम्म्यांची हरवलेलीच असते) तर निदान साइज तरी ओळखा. एचएस२, एचएस४, एचएस६ यांतला शेवटचा आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश. एचएस२ म्हणजे सव्वा इंच, एचएस४ म्हणजे दीड, एचएस६ म्हणजे पावणेदोन. कार्टरवरही अशीच पितळी पट्टी झाकणाच्या स्क्रूखाली असते. कार्बोरेटर खोलताना ती पट्टी आधी काढून पाकिटात ठेवा. मेकॅनिक ती वॉशर समजून फेकतात.

व्हर्नियरने बुडाच्या दोन स्टडमधलं अंतर, तोंडाचा आतला-बाहेरचा व्यास आणि पेट्रोलच्या नळीचे आटे मोजून वहीत लिहा. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आणि गाडीचं पार्ट्स कॅटलॉग मिळवा. वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मॅन्युअल खोलायचं कसं ते सांगतं, कॅटलॉग त्या बारक्या स्प्रिंगला काय नंबर आहे ते सांगतं. शोधताना कामाला येतो तो नंबर.

खोला, पण आधी अंड्यांचा ट्रे आणा

तीस खड्ड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. काढलेला प्रत्येक तुकडा काढलेल्या क्रमाने एकेका खड्ड्यात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक जेटच्या खाचेत घट्ट बसेल असं घासून घ्या, कारण पितळेची खाच एकदा फाटली की जेट बाहेर काढायला खरादीकडे जावं लागतं. निघत नसेल तर जोर करू नका. कार्ब क्लीनर मारा, रात्रभर ठेवा, सकाळी परत बघा.

सगळं समोर मांडलं की यादीचे तीन भाग करा.

पहिल्या भागात जे मूळचंच हवं ते: बॉडी, झाकण, व्हेंचुरी, सगळे जेट, इमल्शन ट्यूब, चोकचे दांडे. यांची मापं एकमेकांशी जुळवून कारखान्यात ठरवलेली असतात. एसयूमध्ये तर पिस्टन आणि त्यावरची टोपी ही जोडीच असते, एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या टोपीत घालायचा नाही. दोन एसयू एकाच वेळी खोलणाऱ्यांनी हे मार्करने लिहून ठेवावं.

दुसऱ्या भागात जे मूळचं अजिबात नको ते: रबरी डायफ्राम, ओ-रिंग, पॅकिंग, पेट्रोलचा पाइप. इथे बरेच हौशी लोक फसतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या सीलबंद पुडीतला अस्सल डायफ्राम मिळाला की हात थरथरतात, पण ते रबर पुडीतच म्हातारं झालेलं असतं. शिवाय आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुनं रबर त्यात फुगतं नाहीतर भेगाळतं. पूर्वी काही कार्बोरेटरमध्ये बुचाचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारा भाग) असायचा, त्यावरचं शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि ती लाख जाऊन जेटमध्ये बसते. एसयूच्या जुन्या एच मालिकेत जेटभोवती बुचाच्या ग्लँड (गळती रोखणाऱ्या कड्या) असतात, त्या एकदा सुकल्या की गळतातच. तेव्हा रबराच्या बाबतीत जुन्याचा मोह सोडा आणि व्हायटनचं (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं) नवं घ्या. मूळ डायफ्राम मापासाठी जपून ठेवा.

तिसरा भाग मधला, म्हणजे वाचवता येतंय का ते बघून ठरवायचा: फ्लोट, नीडल व्हॉल्व्ह, बटरफ्लायचा शाफ्ट.

बाजारात जाण्याआधी वाचवून बघा

पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटलाय. नसेल तरी भांडंभर गरम पाण्यात तो बुडवून धरा. गॅस बंद करून, भांडं ओट्यावर आणून. बारीक भोक असेल तर तिथून बुडबुड्यांची एक माळ वर येते, अगदी सुईच्या टोकाएवढ्या जागेतून. तिथे पेन्सिलने खूण करा. आत पेट्रोल शिरलेलं असेल तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत फ्लोटजवळ ज्योत न्यायची नाही, यात कुणाचंही ऐकू नका. मग सोल्डरिंग आयर्नने टिंबाएवढं सोल्डर. जास्त लावलं तर फ्लोटचं वजन वाढतं, तो खाली बसतो आणि चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी चढते. मी सोनाराच्या काट्यावर आधी आणि नंतर वजन करून घेतो. सोनार हसतो, पण करून देतो.

शाफ्ट बोटांत धरून वरखाली हलवा. टकटक वाजला तर तिथून हवा शिरतेय आणि गाडी स्लोवर न टिकण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं. त्यासाठी दुसरा कार्बोरेटर शोधत बसायची गरज नाही. चांगल्या खरादीकडे बॉडी बोअर करून पितळी बुश बसवून मिळतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्या-मुंबईतल्या इंजिन रीबोअरिंगवाल्यांकडे हे काम जमणारी माणसं आहेत. फक्त बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आहे, लोखंडासारखी आवळून धरली तर वाकेल, हे आधी सांगा. बटरफ्लायचे दोन स्क्रू मागून ठोकून चपटे केलेले असतात, तेही त्याला सांगा, नाहीतर तो ते जोर लावून काढतो आणि शाफ्ट पिळून निघतो.

बुडाची सपाटी बघायला काचेचा तुकडा पुरतो. काचेवर ठेवून कोपरा दाबला आणि बॉडी डुलली तर तिचा फेस (बसायचा सपाट पृष्ठभाग) गेलेला आहे. काचेवर बारीक एमरी पेपर चिकटवून आठाच्या आकारात हळूहळू घासा.

आणि तेजाब नको. 'पाच मिनिटांत नव्यासारखा करून देतो' म्हणणारा माणूस बॉडी आम्लात टाकतो. पितळ उजळतं, जस्त खाल्लं जातं. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, फार तर नायलॉनचा धागा ओवा. अल्ट्रासॉनिक मशीन असलेला कुणी ओळखीचा असेल तर उत्तमच.

एवढं झाल्यावर माझ्या अनुभवात वीस ओळींची यादी चार-पाच ओळींवर येते.

शोध कुठे घ्यायचा

पहिली जागा बाजार नव्हे, म्हाताऱ्या मेकॅनिकचा डबा. प्रत्येक जुन्या गॅरेजमध्ये बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात वीस-तीस वर्षांत काढलेले जेट, नीडल, स्प्रिंगा, नट सगळे एकत्र, काळ्या तेलात. "काका, डबा बघू का जरा?" एवढंच विचारायचं, पैशांचं बोलणं नंतर. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तो ओता. पितळी तेवढं एका बाजूला करा. रुमालाने एकेक पुसून भिंगाखाली आकडा वाचा. दुपार जाते, चहा होतो, काकांच्या गोष्टी होतात, आणि मधेच एखादा तुमच्या आकड्याचा पायलट जेट सापडतो. मला एकदा दोन सापडले होते. काकांनी एकाचे पैसे घेतले.

पद्मिनीवाल्यांसाठी दुसरी जागा म्हणजे मुंबईची टॅक्सी गॅरेजं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून कुर्ल्याला फिआट ११०० डिलाइट बनवली, तीच पुढे १९७४ पासून पद्मिनी झाली, आणि टॅक्सीमुळे या गाड्यांचे पार्ट मुंबईत वर्षानुवर्षं फिरत राहिले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस ती रस्त्यावरून गेली. तेव्हापासून हे पार्ट सांभाळून ठेवायचं कारण गॅरेजवाल्यांना राहिलेलं नाही. जे शिल्लक आहे ते किलोच्या भावात जातंय. तुम्हाला हवं असेल तर दिवाळीनंतर बघू म्हणू नका.

मात्र टॅक्सीतून निघालेला सोलेक्स घेताना एक गोष्ट बघाच. टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा काही ठिकाणी गॅसची नळी घुसवायला व्हेंचुरीच्या जवळ बॉडीला ड्रिलने भोक पाडलं. पुढे ते भोक एम-सीलने किंवा बोल्टने बुजवलेलं असतं आणि वरून सिल्व्हर रंग. वरच्या तोंडातून टॉर्च मारून आत बोट फिरवा. गुळगुळीत नळीत कुठे खडबडीत गाठ लागली तर ती बॉडी ठेवून द्या. आतले जेट मात्र घ्यायला हरकत नाही.

मग बाजार. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाऊसकडची स्पेअर पार्टची दुकानं आणि चोर बाजार. पुण्यात नाना पेठेतली दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. राज्याबाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, बंगळुरूचा जे. सी. रोड. अ‍ॅम्बॅसेडरवाल्यांनी कोलकाता सोडू नये, गाडी तिथल्या उत्तरपाड्याची आहे. सोलेक्सवाल्यांसाठी चेन्नई महत्त्वाची, कारण भारतात सोलेक्स बनवणारी कार्बोरेटर्स लिमिटेड तिथलीच. सकाळी लवकर जा, नमुना खिशात ठेवा. "असा आहे का?" म्हणून तो लगेच काउंटरवर ठेवू नका, आधी त्याच्याकडचा माल बघायला मागा. नमुना पाहिला की दुकानदार 'डिट्टो' शोधतो, आणि डिट्टो दिसणारी वस्तू डुप्लिकेटच जास्त मिळते.

जुनी, बंद पडायला आलेली दुकानं तालुक्याच्या गावी अजून असतात. ट्रॅक्टर-जीपचे पार्ट विकणारं, ज्याच्या पाटीवरचा फोन नंबर पाच-सहा आकडी आहे, असं दुकान दिसलं की गाडी थांबवा. माळ्यावर काय आहे ते मालकाच्या मुलाला माहीत नसतं, मालकालाच विचारायचं.

शक्य असेल तर सुटा पार्ट न घेता अख्खा मेलेला कार्बोरेटर घ्या. फुटलेल्या बॉडीचा का असेना. सगळे जेट, स्प्रिंगा, दांडे, स्क्रू एकाच घरातले मिळतात आणि सुट्या जेटसाठी जेवढी घासाघीस होते त्यापेक्षा कमी घासाघिशीत काम होतं. भंगारवाला त्याला वजनावर विकतो, आपण त्यातल्या दहा ग्रॅम पितळेसाठी घेतो.

अस्सल की डुप्लिकेट

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजींकडचं चालतं. अस्सल जेटच्या भोकाच्या कडेला सारखा, स्वच्छ उतार दिसतो. डुप्लिकेटमध्ये कडेला पितळेचा बारीक काटा राहिलेला असतो, भोक मध्यापासून किंचित सरकलेलं असतं, आकडे उथळ आणि वेगळ्याच वळणाचे असतात. आटे बोटाने बॉडीत फिरवून बघा. पहिल्या दोन फेऱ्यांत अडला तर पान्याने आवळायचा नाही, बॉडीतले आटे जातात.

खोक्यावर विश्वास नको. जुन्या खोक्यात नवा डुप्लिकेट भरून विकणं हा धंदा आहे. खोका पिवळा पडलाय आणि आतला मेणकागद पांढराशुभ्र, हे दिसलं की समजायचं.

पण डोळ्यांपेक्षा खात्रीची एक घरगुती चाचणी आहे. पन्नास मिलिची सिरिंज घ्या, दट्ट्या काढून टाका, तोंडाला घट्ट बसणारा रबरी पाइपचा तुकडा लावा आणि पाइपच्या दुसऱ्या टोकात जेट बसवा. सिरिंज उभी बांधा, जेटच्या तोंडावर बोट दाबून काठोकाठ पाणी भरा, मग बोट सोडा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाणी वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते बघा. आधी तुमचा जुना जेट, मग बाजारातला. प्रत्येकी पाच वेळा. जेट दोन्ही वेळा त्याच दिशेने बसवायचा. आकडा तोच असेल तर वेळ जवळजवळ तेवढीच यायला हवी. माझ्या त्या 'कंपनी मालाने' पाणी इतकं लवकर सोडलं की घड्याळाची गरजच पडली नाही.

असं का होतं त्याचा हिशेब सोपा आहे. १.२० आणि १.३० यांत फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा. पण पेट्रोल जातं ते भोकाच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. तेवढ्या फरकाने भोक सतरा टक्के मोठं होतं. सतरा टक्के जास्त पेट्रोल म्हणजे काळे प्लग.

म्हणूनच 'मोठा जेट सोल्डरने बुजवून परत ड्रिल करून देतो' हा उपाय मी करत नाही. तसे पाडलेले दोन जेट एकसारखे झालेले मी पाहिलेले नाहीत.

एसयूवाल्यांनी जेटपेक्षा नीडल जपावी (नीडल व्हॉल्व्ह नव्हे, पिस्टनला लावलेली, जेटमध्ये उतरणारी निमुळती सुई). तिच्या खांद्यावर एक, दोन किंवा तीन अक्षरं बारीक कोरलेली असतात, भिंगाशिवाय दिसतच नाहीत. ती अक्षरं म्हणजे नीडलच्या निमुळतेपणाचा साचा, इंजिनाप्रमाणे वेगळा. काचेवर लोळवून बघा, टोक गोल फिरलं तर ती वाकलीय, सरळ करायच्या फंदात पडू नका. नव्या नीडल मिळतात.

परदेशातून मागवायचं असेल तर

एसयूच्या बाबतीत आपण नशीबवान. स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेला हा कार्बोरेटर आजही इंग्लंडमध्ये सॉल्झबरीची बर्लेन कंपनी बनवते, झेनिथचंही नाव तिच्याकडेच आहे. नंबर अचूक असेल तर नीडल, जेट, ग्लँड नव्या मिळतात, त्याही मूळ मापाच्या. म्हणून एसयूसाठी भंगारात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. बॉडी आणि टोपी-पिस्टनची जोडी तेवढी इथे शोधा.

फिआटवाल्यांनी इटलीकडे बघावं. आपली पद्मिनी म्हणजे तिकडची १९६२ ते १९६६ ची ११०० डी, तिचे हौशी तिथे भरपूर. इंग्रजीत शोधलं तर हाताला थोडंच लागतं. इटालियन शब्द टाका: पार्टला रिकांबी, कार्बोरेटरला कार्बुरातोरे, मेन जेटला जेत्तो देल मास्सिमो, पायलटला जेत्तो देल मिनिमो. मात्र तिकडच्या गाडीवर वेबर असू शकतो आणि वेबरचा जेट सोलेक्सला लागत नाही. त्यामुळे विकणाऱ्याकडून बॉडीवरच्या ठोकलेल्या आकड्याचा फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवू नका.

जेट-नीडल म्हणजे दहा-वीस ग्रॅमचा मामला. पार्सलखर्च आणि कस्टम ड्युटी धरली की वस्तूपेक्षा तेच जड होतं. लंडन-बर्मिंगहॅमकडे नातेवाईक असतील तर त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि गणपतीला येताना घेऊन यायला सांगा. चकली-चिवड्याच्या परतफेडीत एक पुडी फार नाही. वापरलेला अख्खा कार्बोरेटर मात्र आतून पूर्ण कोरडा आणि बिनवासाचा हवा. पेट्रोलचा वास आला तर विमानाने जाणारं पार्सल अडवतात.

पॅकिंग घरीच

कागदी पॅकिंगसाठी वणवण करू नका. गॅस्केट पेपरचा ताव घ्या, जुन्या पॅकिंगची जाडी मोजून त्याच जाडीचा. मेकॅनिक लोक बॉडीवर कागद ठेवून हातोडीने कडा ठोकतात, लोखंडी हेडवर ते ठीक, पण जस्ताच्या बॉडीची धार चेपते. त्याऐवजी बॉडीच्या तोंडाला शाईच्या पॅडवरची शाई लावा, कागदावर ठसा उठवा आणि ब्लेडने कापा. भोकांसाठी चामड्याचा पंच. झाकणाखालचं आणि नीडल व्हॉल्व्हखालचं वॉशर मात्र जाडीला अचूक हवं, कारण फ्लोटची पातळी त्यावर ठरते.

जोडल्यावर

मिक्श्चर स्क्रू अलगद शेवटपर्यंत बंद करा, आवळू नका, आणि सोलेक्सला साधारण दीड फेरी उघडून सुरुवात करा. फ्लोटची पातळी मॅन्युअलप्रमाणे. एसयू असेल तर टोपीतल्या डँपरमध्ये वीस नंबरचं तेल. पंधरा-वीस किलोमीटर चालवून प्लग काढा. बदामी-तपकिरी आले तर हात लावू नका. काळे आले तर जेटची चाचणी परत. पांढरे आले तर आधी बुडाखालून हवा शिरतेय का बघा, मग जेटला दोष द्या.

काढलेला एकही पार्ट टाकू नका, फुटका फ्लोटसुद्धा. कागदाच्या पुडीत घालून वर तारीख, कुठून काढला आणि का काढला ते लिहा आणि डब्यात टाका. बिस्किटांचाच डबा चालेल.

रात्री गाडी उभी करताना इग्निशन बंद झाल्यावर कार्बोरेटरच्या खाली एक पांढरा कागद सरकवा. फ्लोट, नीडल आणि पॅकिंग तिन्ही नीट बसले असतील तर सकाळी कागद कोरा असतो. माझ्याकडे पहिल्या सकाळी एका कोपऱ्यात आठ आण्यांएवढा पिवळसर डाग होता. झाकणाखालचं वॉशर परत कापलं.